तापणाऱ्या गच्चीवर काय करावे? पांढरा लेप, चायना मोझॅक, कोबा आणि उष्णतारोधक थर यांची तुलना

वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांना हा अनुभव सांगावा लागत नाही. एप्रिल-मे महिन्यांत ऊन उतरून दोन-तीन तास झालेले असतात, बाहेर वारा सुटलेला असतो, आणि तरीही घरातला पंखा गरम हवाच खाली ढकलत असतो. अशा वेळी ठेकेदाराला विचारले की चार वेगवेगळे पर्याय पुढे येतात: गच्चीला पांढरा लेप द्या, चायना मोझॅक (फुटक्या पांढऱ्या चकचकीत टाइल्सचा पृष्ठभाग) बसवा, जुन्या कोब्यावर (विटांचे तुकडे आणि सिमेंट यांच्या जाड थरावर) आणखी एक कोबा घाला, किंवा एक्सपीएस या कठीण फोमचे उष्णतारोधक तक्ते अंथरा. ही चारही कामे एकाच रोगावरची औषधे म्हणून विकली जातात, पण त्यांचे कार्य एकसारखे नाही. कोणते निवडायचे हे दरपत्रकापेक्षा दोन गोष्टींवर अधिक अवलंबून असते: गच्चीखालची खोली दिवसा वापरात असते की रात्री, आणि आपला स्लॅब आणखी किती वजन पेलू शकतो.

आधी उष्णतेचा हिशेब मांडू. भर दुपारी सपाट गच्चीच्या एका चौरस मीटरवर सुमारे ९०० वॅट सूर्यप्रकाश पडतो. जुने, काळवंडलेले काँक्रीट त्यातला सुमारे ७० टक्के भाग शोषून घेते, तर नीट राखलेला पांढरा पृष्ठभाग सुमारे ३० टक्के शोषतो. हवेचे तापमान ४२ अंश असेल आणि वारा मंद असेल, तर गच्ची आकाशाकडे जी थोडीफार उष्णता टाकते ती वजा करूनही काळवंडलेल्या गच्चीला भोवतालची हवा जणू ७० अंशांची आहे असा ताप लागतो. पांढऱ्या गच्चीला तो ५२ अंशांच्या आसपास लागतो. दीडशे मिलिमीटर जाडीच्या उघड्या स्लॅबमधून आतल्या आणि बाहेरच्या तापमानातील दर एक अंश फरकामागे चौरस मीटरला सुमारे ३.३ वॅट उष्णता आत येते. खोलीत ३२ अंश धरले, तर बारा बाय दहा फुटांच्या खोलीच्या छतातून काळवंडलेल्या गच्चीखाली सुमारे १४०० वॅट उष्णता उतरू पाहते, म्हणजे डोक्यावर एक इस्त्री सतत चालू असावी इतकी. पांढऱ्या लेपाने हाच आकडा सुमारे ७३० वॅटवर येतो. लेप न देता नुसता ५० मिलिमीटर एक्सपीएसचा थर घातला तर तो सुमारे २१० वॅट होतो, आणि दोन्ही केले तर ११० वॅट.

हे आकडे कमाल मर्यादेचे आहेत. प्रत्यक्षात स्लॅब ताप साठवतो आणि तो उशिराने खाली देतो, त्यामुळे कोणत्याही एका क्षणी इतकी उष्णता आत येईलच असे नाही. तरीही पर्यायांमधला परस्पर फरक त्यांतून स्पष्ट दिसतो, आणि निव्वळ दुपारचा विचार केला तर उष्णतारोधक थर लेपाला सहज मागे टाकतो.

मग सर्वांनी थरच घालावा, असे म्हणता येईल का? माझे मत तसे नाही, आणि त्याचे कारण रात्रीत आहे. बारा बाय दहाच्या खोलीवरचा स्लॅब सुमारे चार टनांचा असतो. तो दहा अंशांनी थंड व्हायचा असेल, तर त्यातून सुमारे १० युनिट इतकी उष्णता बाहेर पडावी लागते. त्यातली काही वर आकाशाकडे जाते आणि काही खाली आपल्या अंथरुणावर येते. पांढऱ्या लेपाने हा साठाच मुळात कमी होतो, आणि जो होतो तो सूर्यास्तानंतर वरच्या बाजूने मोकळेपणाने निघून जाऊ शकतो. उष्णतारोधक थर स्लॅबच्या वर असेल तर स्लॅब तापत नाही हे खरे, पण पश्चिमेच्या भिंतीतून, खिडक्यांतून आणि स्वयंपाकघरातून आत आलेली उष्णता रात्री छतावाटे आकाशाकडे जाण्याचा मार्गही तोच थर बंद करतो. ज्या घरात एसी चालतो तिथे हा दोष जाणवत नाही, उलट थरामुळे विजेचे बिल कमी होते. जिथे एसी नाही, खिडक्या मोजक्या आहेत आणि माणसे मुख्यतः रात्री घरात असतात, तिथे आधी पांढरा लेप द्यावा आणि थराचा विचार नंतर करावा. ज्यांना दुपारी घरात बसून काम करायचे आहे, किंवा ज्यांच्या घरात वृद्ध आणि तान्ही मुले दिवसभर असतात, त्यांच्यासाठी हा क्रम उलटतो.

थर घालायचा ठरला तर जाडीबाबत फसगत होऊ देऊ नये. पहिल्या २५ मिलिमीटरने छतातून येणारी उष्णता जवळपास एक चतुर्थांशावर येते, म्हणजे ३.३ चा आकडा ०.९ होतो. पुढच्या २५ मिलिमीटरने तो ०.५ होतो, आणि त्यापुढच्या २५ ने फार तर ०.३६. हे व्यस्त प्रमाणाचे गणित आहे, त्यामुळे प्रत्येक वाढीव इंचाचे दाम तेवढेच राहते आणि लाभ मात्र झपाट्याने घटतो. केंद्र सरकारच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोने (बीईई) २०१८ मध्ये निवासी इमारतींसाठी आणलेल्या ‘इको निवास संहिते’त छतासाठी याच आकड्याची १.२ ही कमाल मर्यादा आहे. ती एका इंचाच्या थरानेही पाळली जाते. माझ्या मते ५० मिलिमीटर ही बहुतेक घरांसाठी थांबण्याची योग्य जागा आहे.

हा थर स्लॅबच्या वरच घालावा, आतून छताला चिकटवू नये. आतून थर्माकोल लावून वर पीओपीचे छत करण्याचा प्रकार सोपा आणि स्वस्त वाटतो, पण त्यात स्लॅब स्वतः उन्हात भाजत राहतो. दहा मीटर लांबीचा स्लॅब ३० अंशांच्या चढउतारात सुमारे ३ मिलिमीटर लांबतो आणि आखडतो. कठड्याच्या आणि भिंतीच्या सांध्याजवळ दिसणाऱ्या अनेक भेगा यातूनच जन्मतात, आणि पुढे त्याच भेगांतून गळती सुरू होते. शिवाय थर्माकोल पाणी धरतो आणि पेटतोही. एक्सपीएस पाणी फारसे शोषत नाही, म्हणून तो वॉटरप्रूफिंगच्या वर अंथरून त्यावर संरक्षक फरशी किंवा गिलावा घालता येतो, आणि त्याने खालचे वॉटरप्रूफिंगही उन्हापासून वाचते. गच्चीचे वॉटरप्रूफिंग नव्याने करायचेच असेल, तर थराचा खर्च त्याच वेळी करणे शहाणपणाचे. नुकतेच वॉटरप्रूफिंग झालेले असेल, तर केवळ थरासाठी ते उकरू नये.

ब्रिकबॅट कोबा हा मुंबई-पुण्यातल्या दोन-तीन पिढ्यांचा विश्वासाचा उपाय आहे, पण त्याच्याकडून पाण्याचा उतार आणि गळतीपासून संरक्षण एवढीच अपेक्षा ठेवावी. १०० मिलिमीटर कोब्याने ३.३ चा आकडा सुमारे २.३ पर्यंतच उतरतो, म्हणजे संहितेच्या मर्यादेच्या जवळपास दुप्पट राहतो. त्याचे वस्तुमान मात्र मोठे असल्याने तापाची लाट आणखी उशिरा खाली पोचते. उघड्या स्लॅबखाली छत संध्याकाळी सर्वाधिक तापते, तर कोब्याखाली तीच वेळ रात्री आठ-नऊ किंवा त्यापुढे सरकते. कार्यालयासाठी हे सोयीचे ठरते, कारण तोवर सारे घरी गेलेले असतात. झोपण्याच्या खोलीसाठी तो सर्वांत वाईट मुहूर्त असतो.

वजनाचा मुद्दा तर त्याहून गंभीर आहे. १०० मिलिमीटर कोब्याचे वजन चौरस मीटरला सुमारे १८० ते २०० किलो भरते. जाण्यायेण्याच्या सपाट गच्चीसाठी आपल्या मानकांत माणसे आणि सामान यांचा भार १.५ किलोन्यूटन, म्हणजे चौरस मीटरला सुमारे १५० किलो धरलेला असतो. जुन्या कोब्यावर दुसरा कोबा चढवणे म्हणजे गच्चीवर कायमची दाट गर्दी उभी करणे होय, आणि जिथे सळ्या आधीच गंजू लागल्या आहेत अशा जुन्या इमारतीत ही गोष्ट स्ट्रक्चरल इंजिनिअरला न विचारता कधीही करू नये. गच्चीवर बाग करण्याच्या हौसेलाही हेच लागू आहे. १५ सेंटिमीटर ओली माती चौरस मीटरला अडीचशे किलोंच्या घरात जाते. कुंड्यांची बाग निराळी, पण पसरलेल्या मातीची बाग मूळ आराखड्यातच धरलेली असावी लागते.

आता पांढऱ्या पर्यायांकडे वळू. दर उन्हाळ्याच्या तोंडावर चुन्यात फेविकॉलसारखे चिकटद्रव्य मिसळून गच्चीला हात मारणे हा सर्वांत स्वस्त मार्ग आहे, आणि तो पावसात निघून जातो हे गृहीत धरूनच त्याचा हिशेब करावा. बाजारातले ‘कूल रूफ’ लेप महाग असले तरी काही वर्षे टिकतात. ते घेताना डब्यावरचा एकच आकडा पाहू नये. प्रकाश परतवण्याची क्षमता आणि स्वतःची उष्णता किरणांच्या रूपाने बाहेर टाकण्याची क्षमता या दोन्ही गोष्टी महत्त्वाच्या असतात, आणि दोन्ही मिळून जो एसआरआय निर्देशांक बनतो तो नव्या पृष्ठभागाचा आहे की काही वर्षे उन्हापावसात राहिलेल्या पृष्ठभागाचा, हे विक्रेत्याला जरूर विचारावे. धूळ, काजळी आणि शेवाळ यांमुळे सर्वाधिक घसरण सुरुवातीच्या काळातच होते. चायना मोझॅक या कसोटीवर मला अधिक पसंत आहे, कारण मार्चमध्ये पाण्याने घासला की तो जवळपास पूर्ववत होतो. त्याचे तोटे म्हणजे खालच्या गिलाव्याचे वजन, पावसात पाय घसरण्याची भीती, आणि शेजारच्या उंच इमारतीतल्यांच्या डोळ्यांवर येणारी चमक. शेवटचा तोटा सोसायटीच्या बैठकीत जितका गाजतो तितका तो प्रत्यक्षात मोठा नसतो.

या विषयातले नवे संशोधन याच दोन गुणांना टोकापर्यंत नेते. २०१४ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठात अश्वत्थ रमण, शानहुई फॅन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असा पातळ थर तयार केला, जो ९७ टक्के सूर्यप्रकाश परतवतो आणि थेट उन्हात ठेवूनही भोवतालच्या हवेपेक्षा ४.९ अंशांनी थंड राहतो. वातावरण सुमारे ८ ते १३ मायक्रॉन तरंगलांबीच्या अवरक्त किरणांना बऱ्याच अंशी मोकळी वाट देते, आणि हा थर नेमक्या त्याच खिडकीतून आपली उष्णता अवकाशाकडे पाठवतो. २०२१ मध्ये पर्ड्यू विद्यापीठात बेरियम सल्फेट वापरून ९८.१ टक्के प्रकाश परतवणारा रंग बनवला गेला. घर बांधणाऱ्याने यातून घ्यायची गोष्ट अशी की ही खिडकी सर्वत्र सारखी उघडी नसते. हवेत बाष्प जितके अधिक, तितकी ती मिटत जाते. म्हणून मे महिन्यातल्या नागपूर-अकोल्याच्या कोरड्या आकाशाखाली पांढरी गच्ची रात्री जशी झपाट्याने निवते, तशी रत्नागिरी किंवा मुंबईच्या दमट हवेत निवत नाही. किनारपट्टीवर पांढऱ्या लेपाचा दिवसाचा लाभ मिळतोच, रात्रीचा लाभ मात्र तुलनेने कमी राहतो, आणि शेवाळामुळे देखभालीचे काम वाढते.

छताचा ताप हा केवळ गैरसोयीचा प्रश्न नाही. स्थिर हवेत शरीराला जाणवणारे तापमान ठरवण्यात हवेच्या तापमानाइतकाच वाटा भोवतालच्या पृष्ठभागांचा असतो. छत ४२ अंशांचे असेल, तर हवेचे तापमान ३३ दाखवणारा थर्मामीटर आपल्याला खोटा धीर देतो, कारण त्वचेचे तापमान साधारण ३३ ते ३५ अंश असते आणि तापलेले छत शरीराकडून उष्णता घेण्याऐवजी त्यालाच देत राहते. दिवसभराच्या उन्हानंतर रात्रीही शरीराला विसावा मिळाला नाही की हृदयावरचा ताण उतरत नाही. अहमदाबादमध्ये मे २०१० च्या उष्णतेच्या लाटेत नेहमीपेक्षा १३४४ मृत्यू अधिक झाल्याचे नंतरच्या अभ्यासात दिसले. त्या शहराने २०१३ मध्ये उष्मा कृती आराखडा स्वीकारला आणि पुढे वस्त्यांमधली छते पांढरी करण्याचे कामही हाती घेतले.

ज्या घरांवर स्लॅब नसून पत्रा आहे, त्यांच्यासाठी वरचा बराचसा खल अनावश्यक आहे. पत्र्याला साठवणच नसते. तो दुपारी लगेच तापतो आणि रात्री लगेच निवतो, त्यामुळे तिथे लढाई फक्त दिवसाची असते. नवा जस्ताचा पत्रा प्रकाश बऱ्यापैकी परतवतो, पण स्वतःची उष्णता बाहेर टाकण्यात तो फार कंजूष असतो, म्हणून चकाकत असूनही हात लावता येणार नाही इतका तापतो. पांढऱ्या लेपाने हा दोष दूर होतो, आणि इतक्या कमी पैशांत इतका फरक स्लॅबवर कधीच मिळत नाही. खाली हवेची पोकळी सोडून छत करायचे असेल, तर अॅल्युमिनियमच्या फॉइलची चकाकी पोकळीकडे आणि खालच्या दिशेने ठेवावी. वर तोंड करून ठेवलेल्या फॉइलवर धूळ बसते आणि ती निकामी होते.

सौर पॅनेल बसवण्याचा विचार चालू असेल, तर तो या निर्णयात धरावा. तीन किलोवॅटचा संच साधारण ३०० चौरस फूट गच्ची व्यापतो, खालून हवा खेळती राहिली तर तेवढ्या भागाला सावली देतो, आणि २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत त्यासाठी ७८,००० रुपयांपर्यंत अनुदान मिळते. पॅनेलखालच्या भागावर महागडा लेप देण्यात अर्थ उरत नाही.

खर्च करण्यापूर्वी एक छोटी चाचणी करून पाहावी. दोन सारख्या खोल्या निवडून त्यांपैकी एकीच्या वरच्या गच्चीला चुना द्यावा, दुसरी तशीच ठेवावी, आणि आठवडाभर दुपारी तीन वाजता व रात्री नऊ वाजता दोन्ही छतांचे तापमान इन्फ्रारेड थर्मामीटरने मोजून लिहून ठेवावे. रात्री नऊचा फरक चांगला असेल, तर लेप किंवा मोझॅक पुरेसे आहे. चुना दिलेल्या खोलीतही दुपारचा आकडा असह्य राहत असेल आणि ती खोली दुपारी वापरातली असेल, तर एक्सपीएसचा खर्च योग्य ठिकाणी जाईल. दोन्ही वेळी फरक किरकोळ निघाला, तर उष्णता छतातून येतच नाही, पश्चिमेच्या भिंतीतून किंवा खिडकीतून येते आहे असे समजावे आणि गच्चीऐवजी तिकडे पैसे वळवावेत.