संवादकौशल्याची दोन दिवसांची कार्यशाळा: शनिवार सोडा, रविवारी जा

कंपनीने पाठवलं म्हणून गेलो, हे आधीच सांगून टाकतो. मी नाशिकच्या सातपूरला मशीन शॉपमध्ये शिफ्ट सुपरवायझर आहे. एचआरच्या मॅडमनी यंदा आम्हा सुपरवायझर लोकांची नावं शनिवार-रविवारच्या एका कार्यशाळेत टाकली. माणशी साडेचार हजार फी, चहा-जेवण त्यातच, शेवटी सर्टिफिकेट. गंगापूर रोडवरच्या एका हॉटेलचा वरचा हॉल. संस्थेचं नाव लिहीत नाही. खाली थोडं तिखट लिहिणार आहे, आणि असले क्लास नाशकात आता गल्लोगल्ली झालेत. एकाचं लिहिलं तरी पाच-सहा जणांना वाटेल आपल्यालाच बोलला.

हॉलमध्ये बँकवाले होते, विमा विकणाऱ्या ताई, एमआर लोक, कॉलेजची काही पोरं, दिंडोरीकडचा एक द्राक्षांच्या पॅकहाऊसचा मॅनेजर आणि एका हॉस्पिटलच्या सिस्टर. सिस्टरांचा उल्लेख पुढे येईल.

शनिवार सकाळ गेली हस्तांदोलन, उभं कसं राहायचं, टाय, स्माइल यात. मग आली ती जगप्रसिद्ध स्लाइड: संवादात शब्द 7 टक्के, आवाज 38 टक्के, देहबोली 55 टक्के. ट्रेनर सर म्हणाले, "म्हणजे तुम्ही काय बोलता याला फक्त सात टक्के किंमत!" पोरांनी भराभर लिहून घेतलं.

आता हे आकडे हवेतले नाहीत. अल्बर्ट मेहराबियन या मानसशास्त्रज्ञाच्या 1967 च्या दोन प्रयोगांतून ते आलेत. पण प्रयोग काय होते? एकात सुटे शब्द वेगवेगळ्या सुरात ऐकवले. दुसऱ्यात 'मेबी' हा एकच शब्द, सोबत चेहऱ्याचे फोटो. विचारायचं एवढंच, की या बोलणाऱ्याला समोरचा माणूस आवडतोय की नाही. शब्द एक सांगतो आणि चेहरा दुसरंच सांगतो, तेव्हा आपण भावना कशावरून ताडतो याचा तो हिशोब. तो सगळ्या बोलण्याला लावायचा नाही, हे मेहराबियन यांनी स्वतःच सांगून ठेवलंय. बायको "काही नाही झालं" म्हणते तेव्हा हा हिशोब बरोबर लागतो, कबूल. पण मी हात वर करून विचारलं, "सर, बोअरचं टॉलरन्स, म्हणजे भोकाच्या मापात चालणारा फरक, वीस मायक्रॉन आहे, हे तुम्ही मला शब्द न वापरता देहबोलीने सांगून दाखवा." हॉल हसला. सर म्हणाले, "तुम्ही कॉन्सेप्ट समजून घ्या." मी समजून घेतली.

चहानंतर चौकोन आणि बाणांची आकृती. बोलणारा, त्याने बांधलेला संदेश, मार्ग, संदेश उलगडणारा ऐकणारा, आणि मध्ये गोंगाट. ही मुळात क्लॉड शॅननची, 1948 ची. बेल लॅब्ज या अमेरिकेतल्या टेलिफोन कंपनीच्या प्रयोगशाळेत टेलिफोनच्या तारेतून सिग्नल कमीत कमी बिघडून कसा न्यायचा, हे त्याला सोडवायचं होतं. संदेशाचा अर्थ काय हा आपला प्रश्नच नाही, असं त्याने सुरुवातीलाच लिहून टाकलंय. आमच्यासारखाच इंजिनिअर माणूस. जेवढं काम तेवढंच बोलला. पुढे लोकांनी त्याची तार काढून तिथे माणसं बसवली. म्हणून 1954 मध्ये विल्बर श्रॅम या संवादाच्या अभ्यासकाला आणखी दोन गोष्टी घालाव्या लागल्या: उलट येणारा प्रतिसाद, आणि दोघांचा आपापला अनुभव. दोघांच्या अनुभवात सामाईक जागा असेल तेवढंच पोचतं. सरांनी यातलं फारसं सांगितलं नाही, स्लाइड वाचली. आणि ते 'नॉइज' शिकवत असतानाच शेजारच्या लॉन्सवर हळदीचा डीजे सुरू झाला! सर आवाज चढवत गेले, माइक किरकिरत राहिला, मागच्या रांगांनी मोबाइल काढले. मागे ऐकू येतंय का, हे शेवटपर्यंत विचारलं नाही. त्यापेक्षा चांगलं प्रात्यक्षिक त्यांना पैसे मोजूनही मिळालं नसतं.

दुपारी संवादाची उद्दिष्टं: माहिती देणं, पटवून काम करून घेणं, नातं राखणं, मन रमवणं. यादी ठीक आहे. लगेच पुढच्या स्लाइडवर मात्र 'नेमकं बोला, वेळ घालवू नका, गप्पा टाळा'. अहो, मग तिसरं उद्दिष्ट कुठे गेलं? रात्रपाळीला येणारा माणूस पंचिंग करून आला की मी आधी "जेवून आलास ना?" विचारतो. त्याच्या डब्याची माहिती मला नको असते. मालिनोव्स्की नावाच्या मानववंशशास्त्रज्ञाने पॅसिफिकमधल्या ट्रोब्रियांड बेटांवर राहून 1923 मध्ये हेच मांडलं, की काही बोलणं फक्त माणसं जोडलेली राहावीत म्हणून असतं. ती दोन वाक्यं कापली, तर पहाटे तीनला मशीनमधून वेगळा आवाज यायला लागल्यावर तो माणूस मला उठून सांगायला येत नाही. जॉब (मशीनवर चढवलेला भाग) तसाच चालवतो आणि सकाळी रिजेक्शनचा ट्रे भरलेला असतो.

शनिवारचं पुराण पुरे.

रविवारी दुसऱ्या ट्रेनर आल्या. मॅडम वयस्क, सुती साडी, स्लाइड नाहीत. पूर्वी विमानतळावरच्या कर्मचाऱ्यांना ट्रेनिंग द्यायच्या म्हणे. बसल्या-बसल्या एक गोष्ट सांगितली, आणि डीजेवाल्या लॉन्सवर त्या दिवशी काय होतं ते मला आठवत नाही.

27 मार्च 1977, स्पेनच्या कॅनरी बेटांतलं टेनेरिफ. दुसऱ्या बेटावरच्या विमानतळावर बॉम्ब फुटला म्हणून बरीच विमानं या छोट्या धावपट्टीवर वळवलेली. त्यात धुकं दाटलेलं. केएलएम या डच कंपनीचं जंबो विमान धावपट्टीच्या एका टोकाला तयार, आणि त्याच धावपट्टीवरून पॅन ॲम या अमेरिकन कंपनीचं जंबो हळूहळू येत होतं. कंट्रोलरने केएलएमला पुढच्या मार्गाची परवानगी वाचून दाखवली. उड्डाणाची नव्हे, मार्गाची. सहवैमानिकाने ती परत वाचली आणि शेवटी जोडलं, "वी आर नाऊ ॲट टेकऑफ." त्यांचं विमान तेव्हा हललंही होतं. कंट्रोलरला वाटलं, उड्डाणाच्या जागी उभे आहेत. तो म्हणाला "ओके", आणि किंचित थांबून, "स्टँड बाय, मी सांगतो." त्याच क्षणी पॅन ॲमवालेही रेडिओवर बोलले, की आम्ही अजून धावपट्टीवरच आहोत. दोन्ही आवाज एकमेकांवर आदळले, आणि केएलएमच्या कॉकपिटमध्ये स्वच्छ ऐकू आलं ते फक्त "ओके". बाकी शिट्टी. 583 माणसं गेली. विमानांच्या एका अपघातात आजवर एवढी कधी गेली नाहीत.

मॅडम इथे थांबल्या नाहीत. कॉकपिटमध्ये तिसरा माणूस होता, फ्लाइट इंजिनिअर. त्याला शंका आली होती. त्याने विचारलं, की ते पॅन ॲम बाजूला झालं नाही का? कॅप्टन ठासून म्हणाला, झालंय. कॅप्टन कंपनीतला बडा माणूस, इतरांना शिकवणारा. इंजिनिअर गप्प बसला.

नंतर नियम बदलले. 'टेकऑफ' हा शब्द आता रेडिओवर फक्त खरोखर उड्डाणाची परवानगी देताना किंवा काढून घेताना वापरतात, एरवी 'डिपार्चर'. नुसत्या "ओके"वर भागत नाही, महत्त्वाची सूचना शब्दशः परत बोलून दाखवावी लागते. आणि खालच्या माणसाने वरच्याला टोकावं, वरच्याने ते ऐकून घ्यावं, याचं वैमानिकांना वेगळं शिक्षण सुरू झालं.

मी तिथे आमच्या क्रेनचं सांगितलं. प्रेस शॉपच्या बाजूला ईओटी क्रेन आहे, म्हणजे छताखाली रुळांवर फिरणारी विजेची क्रेन, तिथे माणसाचा आवाज चालतच नाही, सगळं हातावर. तर्जनी वर करून हात लहान गोल फिरवला की माल वर. बोट खाली करून फिरवलं की खाली. हात आडवा पसरून, तळवा जमिनीकडे ठेवून मागेपुढे हलवला की थांब. खुणा एकानेच करायच्या आणि क्रेनवाल्याने फक्त त्याच्याच मानायच्या. पण 'थांब'ची खूण कुणीही केली, अगदी झाडलोट करणाऱ्या मावशींनी केली, तरी थांबायचं. आधी थांबायचं, मग विचारायचं. मॅडम म्हणाल्या, "दादा, हे तुमच्या ऑफिसात पण लागू आहे का, की फक्त क्रेनखाली?" याचं उत्तर मी कंपनीच्या मॅनेजरांसमोर दिलं नाही, ते दोन रांगा पुढेच बसले होते.

मग जोड्या लावून पाठीला पाठ. एकाच्या हातात चौकोनांची आकृती. त्याने सांगायची, दुसऱ्याने न विचारता काढायची. ही कसरत जुनी आहे, लेविट आणि म्यूलर या दोन संशोधकांनी 1951 मध्ये विद्यार्थ्यांवर करून पाहिलेली. माझ्या जोडीला सिस्टर. त्या सांगत होत्या, मी काढत होतो. "पहिला चौकोन घड्याळात दहा वाजलेत तसा तिरका," म्हणाल्या. दहा वाजता काटे दोन असतात, कुठल्या काट्यासारखा? तोंड उघडायची परवानगी नाही. सहा चौकोनांची माझी आकृती भूकंपात सापडलेल्या वाड्यासारखी आली.

दुसऱ्या फेरीत विचारायची मुभा. वेळ कितीतरी जास्त लागला, सिस्टर एकदा वैतागल्याही, पण आकृती जवळजवळ तंतोतंत. लेविट-म्यूलरलाही हेच दिसलं होतं: प्रश्न विचारू दिले की वेळ जातो, अचूकपणा आणि काढणाऱ्याचा आत्मविश्वास दोन्ही वाढतात.

चहाच्या वेळी सिस्टर म्हणाल्या, डॉक्टरांनी फोनवर औषध सांगितलं तर आम्ही आधी लिहितो, मग लिहिलेलं त्यांना वाचून दाखवतो, मग ते हो म्हणतात. आकडा सुटा करून: 'फिफ्टीन' नाही, 'वन फाइव्ह'. कारण फोनवर फिफ्टीन आणि फिफ्टी सारखेच. मला लगेच आमचं 'पॉइंट झीरो टू' आणि 'पॉइंट टू' दिसलं. एका शून्याने जॉब भंगारात जातो. त्यांच्याकडे काय जातं, ते त्या बोलल्या नाहीत.

शेवटच्या तासाला पॉल वॉत्झलाविक हा मानसशास्त्रज्ञ. त्याने आणि सहकाऱ्यांनी 1967 मध्ये मांडलं, की माणसाला संवाद न करणं जमतच नाही. गप्प बसलो तरी समोरचा त्यातून काहीतरी वाचतोच. आणि प्रत्येक बोलण्यात माहितीसोबत 'तू माझा कोण' हेही जात असतं. "इन्सर्ट बदललीस का?" (इन्सर्ट म्हणजे मशीनच्या टूलचं कापणारं टोक) हे एका सुरात विचारणं असतं, दुसऱ्या सुरात चोर ठरवणं. हे मॅडमनी घाईत उरकलं, कारण सर्टिफिकेट वाटायचे होते. शनिवारचा टाय-स्माइलचा वेळ इथे द्यायला हवा होता.

उपयोग झाला का? झाला, पण ट्रेनिंगवाले सांगतात तसा नाही. माझ्या लाइनवर निम्मे ऑपरेटर बिहार-यूपीचे. आधी मी "समझ गए?" विचारायचो, "हाँ सर" यायचं. आता विचारतो, "अब क्या करेगा, बोल." पहिल्याच आठवड्यात एक पोरगा म्हणाला, "सर, फिक्श्चर घुमा के लगाऊँगा." फिक्श्चर म्हणजे जॉब धरून ठेवणारा साचा. मी फिरवायला सांगितलंच नव्हतं, ड्रॉइंगची नवी, सुधारलेली प्रत त्याच्या हातात पडली नव्हती. तो जॉब वाचला. पण याचीही सवय होते. काही दिवसांनी पोरं माझंच वाक्य पोपटासारखं परत म्हणू लागली, तेव्हा मी उलटं धरलं: "इसमें गड़बड़ कहाँ हो सकती है?" त्यावर खरी उत्तरं येतात, आणि कधीकधी ती माझ्याच पाळीच्या रजिस्टरवर बोट ठेवतात.

तक्रारी. छापील पुस्तिका सगळी इंग्रजीत, बोलणं मराठीत, आणि ज्यांना याची सर्वांत जास्त गरज आहे त्यांच्यासाठी हिंदीत काहीच नाही. जेवण बरं, पनीर जरा रबरी. सर्टिफिकेट जाड कागदाचं आहे. कार्यशाळा संपल्यापासून 'ॲडव्हान्स मॉड्यूल'चे मेसेज रोज येतात; आता नको म्हणून दोनदा कळवलं, तरी येतातच. संवाद शिकवणाऱ्यांना प्रतिसाद ऐकू येत नसेल तर काय बोलायचं.

इंटरव्ह्यूची तयारी करणाऱ्या पोरांना शनिवार चालेल. सुपरवायझर, नर्स, पॅकहाऊसवाले, शिक्षक, ज्यांचं एक वाक्य चुकीचं पोचलं तर काहीतरी मोडतं, त्यांनी फक्त रविवारचं बुकिंग मिळतं का ते विचारा. फोनवर नाही म्हणतात, समोर जाऊन बोललं तर एक दिवसाचे अडीच हजार घेतात, पॅकहाऊसवाल्याने तसंच केलं होतं. त्या मॅडमच शिकवणार आहेत ना, याची खात्री करून मगच पैसे भरा. पार्किंग तळमजल्यावर आहे, पण लग्नाच्या तिथीला शेजारच्या लॉन्सच्या गाड्या तिथेच घुसतात. साडेनवाच्या आत पोचा आणि पुढच्या तीन रांगांत जागा धरा. मागे आजही काही ऐकू येत नाही.