तयार बॉक्स, जुना पीसी की क्लाउड? छोट्या ऑफिसने फाइली कुठे ठेवाव्यात

"मॅडम, चार टीबी पुरेल ना?" ठाण्यात काय नि वाशीत काय, ऑफिससाठी नॅस (नेटवर्कवरून सगळ्यांना एकाच जागी फाइली देणारा डिस्कांचा बॉक्स) घ्यायची गोष्ट निघाली की पहिला प्रश्न हाच येतो. मी उलट विचारते: रिटर्न भरायच्या शेवटच्या तारखेला रात्री नऊ वाजता क्लायंटचा फोल्डर दिसेनासा झाला, तर तो परत कोण आणणार आणि किती वेळात? बहुतेकांनी हा विचारच केलेला नसतो. म्हणून पुढची तुलना मी याच प्रश्नाभोवती केली आहे. जागा, वेग, किंमत हे सगळं बघायचं आहेच, पण त्यात चूक झाली तर ती पैशांनी दुरुस्त होते.

माझ्या डोळ्यांसमोर पाच ते पंधरा माणसांचं ऑफिस आहे. नौपाड्यातलं सीएंचं, पाचपाखाडीतलं आर्किटेक्टचं, वागळे इस्टेटमधल्या छोट्या कारखान्याचं, सीबीडी बेलापूरमधलं वकिलांचं. अशा ऑफिसपुढे तीन वाटा असतात: दोन डिस्कांचा तयार नॅस बॉक्स, कोपऱ्यात पडलेल्या जुन्या पीसीचा केलेला सर्व्हर, किंवा सगळं क्लाउडवर. राउटरच्या यूएसबीला हार्ड डिस्क लावायची चौथी वाटही लोक धरतात. एकच डिस्क, तीही टेबलावर लटकत, कोणाचाही धक्का लागेल अशी. घरी सिनेमे ठेवायला ठीक आहे, ऑफिसचं काम तिच्यावर ठेवू नका.

तयार बॉक्स

सिनॉलॉजी आणि क्यूनॅप या दोन तैवानी कंपन्यांचे बॉक्स आपल्याकडे सहज मिळतात. दोन डिस्का आत सरकवायच्या, केबल नेटवर्कच्या स्विचला लावायची, ब्राउझरमध्ये पत्ता उघडायचा आणि तो विचारेल तसं पुढे जायचं. माणसागणिक यूजर, कामागणिक फोल्डर, कोणाला नुसतं वाचता येईल आणि कोणाला बदल करता येईल, हे सगळं खुणा करून ठरवता येतं. सर्व्हर कधी न पाहिलेल्या एका अकाउंटंट ताईंनी माझ्यासमोर अर्ध्या दिवसात हे उभं केलं. वीजही कमी खातो. 20 वॅटचा बॉक्स महिनाभर अखंड चालला तर साडेचौदा युनिटच्या आसपास जातात. 60 वॅट ओढणारा जुना पीसी त्याच महिन्यात 43 युनिट घेतो.

दोन डिस्का रेड 1 (RAID 1, म्हणजे जुळी जोडी) मध्ये लावल्या की एकीत लिहिलेलं दुसरीतही लिहिलं जातं. त्यामुळे 4 टीबीच्या दोन डिस्का घेऊन वापरायला 4 टीबीच मिळतात, आणि विंडोजमध्ये त्याही 3.63 दिसतात. डिस्क बनवणारे हजाराच्या पटीत मोजतात आणि विंडोज 1024 च्या पटीत, एवढाच तो फरक आहे. दुकानदाराने फसवलेलं नाही.

पण दोन डिस्का आहेत म्हणजे बॅकअप झाला, या समजुतीने माझ्या ओळखीतल्या ऑफिसांचं जेवढं नुकसान केलं तेवढं व्हायरसनेही केलेलं नाही. वाशीतल्या एका ऑफिसात अशा बॉक्समधली एक डिस्क गेली. दिवा नारिंगी झाला, बॉक्स बीप-बीप करू लागला. फाइली उघडत होत्या, म्हणून काही बिघडलंय असं कोणाला वाटलं नाही. आवाजाचा त्रास होतो म्हणून कोणीतरी सेटिंगमध्ये जाऊन तो बंद केला. तीन आठवड्यांनी दुसरी डिस्कही गेली. दोन्ही एकाच दिवशी, एकाच दुकानातून आणलेल्या. मला बोलावलं तेव्हा मी बॉक्सवर हात ठेवला. आतून टक्-टक्, मध्ये थोडं थांबून पुन्हा टक्-टक्, असं बोटांना जाणवत होतं. डिस्कचं हेड जागा शोधतं आणि त्याला ती सापडत नाही, तेव्हा असं होतं. रिकव्हरीवाल्यांकडून चार वर्षांचं काम परत आलं, पण फाइलींची नावं गेली होती. त्या ऑफिसातल्या दोन मुली दीड महिना एकेक पीडीएफ उघडून, वाचून, नाव देत बसल्या होत्या.

रेड 1 फक्त डिस्क मेली तर वाचवतं. चुकून डिलीट केलेला फोल्डर दोन्ही डिस्कांवरून एकाच क्षणी जातो. त्यासाठी स्नॅपशॉट लागतो, म्हणजे ठरावीक वेळी फाइलींची जशी स्थिती असेल तिची जपून ठेवलेली नोंद. दर तासाला एक असा लावून ठेवला, तर दुपारी तीनला उडालेला फोल्डर दोनच्या स्थितीत पाच मिनिटांत परत येतो. ही सोय प्रत्येक मॉडेलला नसते. घेताना प्रोसेसरपेक्षा आधी हे विचारा. नसेल तर ते मॉडेल सोडून द्या.

डिस्का घेताना सीएमआर पद्धतीच्याच घ्या, म्हणजे डेटाच्या पट्ट्या शेजारी शेजारी लिहिणाऱ्या; एसएमआरमध्ये त्या एकमेकींवर थोड्या चढलेल्या असतात. 2020 मध्ये वेस्टर्न डिजिटलच्या 'रेड' (Red, लाल) नावाच्या मालिकेतल्या काही डिस्का एसएमआर निघाल्यावर बराच गदारोळ झाला. जोडीतली एक डिस्क गेली आणि तिच्या जागी अशी नवी लावली, तर ती पुन्हा भरायला फार वेळ लागतो. त्यानंतर कंपनीने सीएमआर डिस्का रेड प्लस या नावाने वेगळ्या केल्या. सीगेटच्या आयर्नवुल्फही सीएमआर आहेत. शक्य असेल तर दोन डिस्का दोन वेगळ्या दुकानांतून घ्या. वाशीचं ते ऑफिस पाहिल्यापासून मी तरी तसंच करते.

जुना पीसी

साध्या पीसीचं नॅस करणारी ट्रूनॅस आणि ओपनमीडियाव्हॉल्ट ही दोन्ही सॉफ्टवेअरं फुकट मिळतात. ट्रूनॅसला किमान 8 जीबी रॅम आणि स्वतःसाठी एक वेगळी छोटी डिस्क लागते, जिच्यावर तुमच्या फाइली ठेवता येत नाहीत. ट्रूनॅसचे स्नॅपशॉट उत्तम, कारण खाली झेडएफएस ही डिस्कवर फाइली साठवायची पद्धत आहे. आणखी एक मोठी गोष्ट: मदरबोर्ड जळला तर त्याच डिस्का दुसऱ्या कुठल्याही पीसीला लावून, त्यावर ट्रूनॅस टाकून सगळं परत उभं करता येतं. तयार बॉक्स जळला तर साधारण त्याच कंपनीचा बॉक्स शोधावा लागतो.

म्हणजे कागदावर ही वाट जास्त भक्कम दिसते. मी तरीही ती फार थोड्या ऑफिसांना सुचवते, आणि कारण माणसाचं आहे. महापेतल्या एका ऑफिसात आयटी सांभाळणाऱ्या मुलाने असा सर्व्हर सुंदर बसवला होता. केबलींना चिठ्ठ्या, डिस्कांवर नंबर, सगळं नीट. तो नोकरी बदलून गेला. आठ महिन्यांनी एक डिस्क गेली तेव्हा अ‍ॅडमिनचा पासवर्ड कोणाकडेच नव्हता. त्या मुलाने फोन उचलला आणि सांगितला, म्हणून निभावलं. तुमच्याकडे असं काम येणारी दोन माणसं असतील तर जुना पीसी जरूर घ्या. एकच असेल तर नको.

क्लाउड

इथे आधी हिशेब करा. 2 टीबी डेटा 100 एमबीपीएस अपलोडवर चढवायला, लाइन एक क्षणही न थांबता, 44 तासांहून जास्त लागतात. सगळं परत उतरवायला त्याच वेगाने तेवढेच. म्हणजे रात्री नऊला एक फाइल परत हवी असेल तर क्लाउड सगळ्यांत सोपा, कारण जुन्या आवृत्त्या तिथे आपोआप राहतात. पण सगळंच परत हवं असेल तर दोन दिवस धरून चला.

वर्ड, एक्सेल आणि पीडीएफ एवढंच काम असेल आणि माणसं पाचपेक्षा कमी असतील, तर बॉक्स घेऊच नका. गूगल वर्कस्पेसच्या स्टार्टर प्लॅनमध्ये माणशी 30 जीबी आणि स्टँडर्डमध्ये माणशी 2 टीबी मिळतात. वकिलांच्या आणि सल्लागारांच्या ऑफिसांना ते पुरून उरतं.

आर्किटेक्टचं मात्र वेगळं. एका ड्रॉइंगला दुसरी पाच जोडलेली असतात आणि त्यांचे पत्ते ड्राइव्हच्या अक्षरासकट लक्षात ठेवलेले असतात. क्लाउडशी सिंक होणाऱ्या फोल्डरमध्ये दोघांनी एकाच वेळी तीच फाइल उघडली की शेवटी पीसीचं नाव चिकटवलेली दुसरी प्रत तयार होते, आणि साइटवर कुठली गेली हे कोणालाच सांगता येत नाही. नॅसवर ऑटोकॅड स्वतः लॉकची छोटी फाइल बनवतं, त्यामुळे दुसऱ्याला ड्रॉइंग फक्त वाचायला उघडतं. पीसी मध्येच बंद पडला तर ही डीडब्ल्यूएल फाइल मागे राहते आणि ड्रॉइंग सगळ्यांनाच लॉक दिसतं. कोणी उघडलेलं नाही याची खात्री करून ती काढली की काम सुरू. सगळ्या पीसींवर नॅसला एकच अक्षर द्या. आम्ही झेड देतो.

टॅलीबद्दल माझं मत ठाम आहे. चालू डेटा वायरने जोडलेल्या एका पीसीवर ठेवा आणि नॅसवर रोज रात्री त्याचा बॅकअप जाऊ द्या. वायफायवरून नॅसवरचा डेटा उघडून नोंदी करताना लाइन तुटली की डेटा बिघडायला तेवढं पुरतं. तुमचं ऑफिस कंपनी म्हणून नोंदलेलं असेल तर ऑगस्ट 2022 च्या नियमबदलापासून हिशेबाच्या पुस्तकांचा बॅकअप भारतातल्या सर्व्हरवर रोज ठेवणं बंधनकारक आहे. ठाण्यातलं नॅस भारतात आहेच. क्लाउडवाल्याला मात्र डेटा कुठल्या देशात राहतो हे विचारून घ्यावं लागतं.

अडलं तर कुठे अडतं

क्लाउड अडला तर इंटरनेट बघायचं किंवा मदतकेंद्राला लिहायचं, तुमच्या हातात फारसं नसतं. बॉक्स आणि पीसी दोन्ही सारखेच अडतात, आणि बहुतेक वेळा दोष त्यांचा नसतोच.

नौपाड्यातल्या एका सीए सरांचं नवंकोरं नॅस फारच हळू होतं. फाइल कॉपी करताना सेकंदाला 11 एमबी, त्यापुढे आकडा हलतच नव्हता. ते बॉक्स परत करायला निघाले होते. गिगाबिट (1000 एमबीपीएस) नेटवर्कवर 110 च्या आसपास मिळायला हवेत. 11 हा आकडा दिसला की समजायचं, लाइन 100 एमबीपीएसवर उतरली आहे. आम्ही फाइलींचं कपाट सरकवलं. मागच्या केबलचा प्लग कपाटाखाली चेपला होता आणि आठातली तपकिरी तार आतल्या आत तुटलेली होती. 100 एमबीपीएसला चार तारा पुरतात, गिगाबिटला आठही लागतात, म्हणून लाइन तुटली नाही, नुसती मंदावली. प्लग कापून नवा क्रिंप केला, स्विचवरचा दिवा नारिंगीचा हिरवा झाला आणि आकडा 108 वर गेला. त्यावर सरांनी सगळ्या ऑफिसला चहा मागवला.

"नॅस गेलं" असा फोन आला की मी आधी विचारते, राउटर बदलला का? ब्रॉडबँडवाला येऊन नवा राउटर लावून जातो, जुना 192.168.1 ने सुरू होणारे पत्ते देत असतो, नवा 192.168.0 ने. नॅसला हाताने पक्का पत्ता दिलेला असतो, तो जुन्याच गल्लीत राहतो आणि पीसी नव्या गल्लीत जातात. नॅसला पत्ता हाताने देऊ नका. तो राउटरमध्ये राखून ठेवा, आणि राउटर बदलला की ती नोंद नव्यात करा.

विंडोज 10 चा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला. त्यामुळे बऱ्याच ऑफिसांनी विंडोज 11 घेतलं आणि चांगलं चालणारं जुनं नॅस एका सकाळी उघडेना. विंडोज 11 प्रोची 24एच2 आवृत्ती पासवर्डशिवायचा पाहुणा प्रवेश नाकारते आणि एसएमबी सायनिंग मागते; एसएमबी म्हणजे विंडोज आणि नॅस ज्या भाषेत फाइली देतात-घेतात ती, आणि सायनिंग म्हणजे त्यातल्या प्रत्येक संदेशावर खरेपणाची सही. विंडोजचं संरक्षण बंद करायचा उपाय सुचवणारे भेटतील, ऐकू नका. प्रत्येकाला यूजर आणि पासवर्ड द्या, नॅसचं सॉफ्टवेअर अपडेट करा. आधी दुसऱ्या नावाने लॉगिन झालेलं असेल तर विंडोज नवं नाव घेत नाही. क्रेडेन्शियल मॅनेजरमधून (विंडोजने साठवलेल्या पासवर्डांची यादी) जुनी नोंद काढून पीसी परत सुरू करा. 2017 मध्ये फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा वॉनाक्राय व्हायरस ज्या जुन्या एसएमबी 1 मधून पसरला, त्याशिवाय चालतच नाही इतकं जुनं नॅस असेल, तर ते बदलायची वेळ झाली आहे.

आणि घरून फाइली दिसाव्यात म्हणून राउटरचं पोर्ट उघडून नॅस थेट इंटरनेटवर कधीच ठेवू नका. जानेवारी 2022 मध्ये डेडबोल्ट या खंडणीखोर व्हायरसने असे उघड्यावरचे क्यूनॅपचे बॉक्स कुलूपबंद करून बिटकॉइन मागितले; 2014 मध्ये सिनोलॉकर या तसल्याच व्हायरसने सिनॉलॉजीच्या बॉक्सवर तेच केलं होतं. बाहेरून लागत असेल तर व्हीपीएन, म्हणजे ऑफिसच्या नेटवर्कपर्यंतचा बंदिस्त रस्ता, लावा.

मग काय घ्यायचं

ड्रॉइंग, फोटो, व्हिडिओ असं जड काम असेल, किंवा माणसं पाचाहून जास्त असतील, तर तयार बॉक्स. कागदपत्रांचंच काम आणि माणसं मोजकी, तर क्लाउड. ऑफिसात दोन जाणकार असतील तर जुना पीसी. तिन्हींत दुसरी प्रत हवीच: दोन यूएसबी डिस्का आलटून पालटून, एक बॉक्सला लावलेली, एक कोणाच्या तरी घरी. 26 जुलै 2005 ला ज्यांच्या तळमजल्यावर पाणी शिरलं त्यांना हे समजावून सांगावं लागत नाही. बॉक्सही जमिनीवर ठेवू नका. यूपीएस घ्या आणि त्याची यूएसबी केबल नॅसला लावा, म्हणजे महावितरणची लाइन गेली आणि बॅटरी संपत आली की नॅस स्वतःहून नीट बंद होतं. ही केबल बहुतेकांच्या खोक्यातच पडून असते.

मागच्या महिन्यात पाचपाखाडीच्या एका आर्किटेक्ट मॅडमकडे बॉक्स बसवला. शनिवारी ऑफिस सुटल्यावर आम्ही मुद्दाम एका जुन्या प्रोजेक्टचा फोल्डर डिलीट केला, आणि मी खुर्ची सोडून बाजूला उभी राहिले. त्यांच्या ज्युनिअर मुलीने स्नॅपशॉट शोधला, एकदा चुकीच्या तारखेचा उघडला, मग बरोबर उघडला आणि फोल्डर जागेवर आणला. सात मिनिटं लागली. तिने सगळ्या पायऱ्या स्वतःच्या अक्षरात कागदावर लिहिल्या आणि तो कागद, पासवर्डाच्या बंद पाकिटासकट, चेकबुकच्या कपाटात ठेवला.