सहा वर्षं वापरलेलं क्रेडिट कार्ड: एक चूक सोडली तर व्याज शून्य

कार्डाची वार्षिक फी नाही, ते बंद पडत नाही, रिवॉर्ड पॉइंट किरकोळ आहेत. एवढ्यावरही मी त्याला चार तारे देते, कारण त्याची व्याजमुक्त मुदत खरोखर मोठी आहे.

माझं स्टेटमेंट 12 तारखेला निघतं, ड्यू डेट, म्हणजे बिल भरायची शेवटची तारीख, पुढच्या महिन्याची 2. म्हणजे 13 मार्चला केलेली खरेदी 12 एप्रिलच्या स्टेटमेंटमध्ये येते आणि तिचे पैसे 2 मेला द्यायचे, तब्बल 50 दिवसांनी. तीच खरेदी 12 एप्रिलला केली तर हातात जेमतेम 20 दिवस उरतात. म्हणून मोठी खरेदी असली की मी 13 तारखेपर्यंत थांबते.

पाचवा तारा कापलाय तो ॲपसाठी. बिल भरायला गेलं की 'मिनिमम ड्यू', म्हणजे बिलातली किमान भरायची रक्कम, आधीच निवडलेलं असतं. ऑटो पे, म्हणजे खात्यातून बिल आपोआप भरणं, लावतानाही तसंच! मिनिमम भरलं की लेट फी टळते, व्याज टळत नाही, आणि हे तिथे कुठेही ठळक लिहिलेलं नाही. दुसऱ्या वर्षी मी बिलाचा दहावा भाग पुढच्या महिन्यावर ढकलला. वाटलं, व्याज तेवढ्यावरच लागेल. पण लागलं ते पूर्ण रकमेवर, तेही प्रत्येक खरेदीच्या तारखेपासून! शिवाय नव्या खरेदीची मुदतही गेली, पहिल्या दिवसापासून व्याज सुरू. सगळं फेडल्यावरही पुढच्या स्टेटमेंटला थोडं व्याज आलंच, कारण स्टेटमेंट निघाल्यापासून पैसे पोचेपर्यंतचे दिवस त्यांनी मोजले होते. व्याजाचा दर महिन्याला 3 टक्के. ऐकायला कमी वाटतो, पण चक्रवाढीने वर्षाला साडेबेचाळीस टक्क्यांच्या वर जातो. त्या महिन्यात मला फार वाईट वाटलं होतं.

तेव्हापासून ऑटो पे 'टोटल ड्यू'वर आहे आणि 1 तारखेला मी बचत खात्यातली शिल्लक बघतेच. कार्डावर रोख रक्कम कधीही काढत नाही, तिला मुदत नसते आणि वर फी लागते. परत केलेल्या वस्तूचा रिफंड यायचा असला तरी बिल पूर्ण भरते, कारण रिफंड ड्यू डेटच्या आधी जमा होईलच याची खात्री नसते.

गेल्या महिन्यात धाकट्या बहिणीने हेच कार्ड घेतलं. ऑटो पे मी शेजारी बसून लावून घेतलं, 'मिनिमम'वरची खूण काढूनच उठले.