घरचं दही की प्रोबायोटिक कॅप्सूल?

विट्याच्या मामींचं अँटिबायोटिक चालू आहे, पोट बिघडलंय. काय घेऊ, विचारत होत्या.

खर्चात दह्याला तोड नाही: कोमट दुधात कालचं चमचाभर विरजण घातलं की झालं. पण त्यात नेमके कोणते जिवाणू, किती, हे कळत नाही. प्रोबायोटिक म्हणजे पोटाला उपयोगी जिवंत जिवाणू; त्यांच्या कॅप्सूलवर ते छापलेलं असतं, आणि अँटिबायोटिकमुळे होणाऱ्या जुलाबांवर काही ठरावीक जाती उपयोगी पडतात.

आतड्यातला मुक्काम मात्र दोन्हींतल्या जिवाणूंचा सहसा थोडेच दिवस. आतड्याचा दाह आवरणारं ब्युटिरेट नावाचं आम्ल बनवतात ते मोठ्या आतड्यातले आपलेच जिवाणू. अस्तराच्या पेशींचं ते मुख्य इंधन. या जिवाणूंना अन्नातला तंतू (फायबर) हवा: ज्वारीची भाकरी, मटकी, सालीची डाळ.

म्हणून रोजच्यासाठी दही-भाकरी, औषधाच्या दिवसांत डॉक्टरांना विचारून कॅप्सूल. शौचात रक्त दिसलं तर मात्र थेट दवाखाना गाठा.