डिरेक्टर्स कट की थिएटरमधली आवृत्ती: आधी कोणती पाहावी?

एकाच सिनेमाच्या दोन-तीन आवृत्त्या समोर आल्या की पुष्कळ जण डोळे झाकून सर्वांत लांब असलेली निवडतात. दृश्यं जास्त म्हणजे सिनेमा जास्त, असा त्यामागचा हिशेब असतो आणि तो बऱ्याचदा चुकतो. मिनिटं मोजण्याआधी पाहायचं ते हे, की पहिल्यांदा कात्री कोणी चालवली आणि कशासाठी. स्टुडिओच्या दबावाखाली दृश्यं गेली असतील तर लांब आवृत्ती घ्या. दिग्दर्शकानं संकलनाच्या वेळी स्वतःच विचार करून ती काढली असतील, तर थिएटरमधलीच आधी पाहा.

पहिल्या प्रकाराचं ठळक उदाहरण म्हणजे रिडली स्कॉटचा 'किंगडम ऑफ हेवन' (२००५). थिएटरमध्ये तो १४४ मिनिटांचा होता, दिग्दर्शकाची आवृत्ती, म्हणजे डिरेक्टर्स कट, १९० मिनिटांच्या आसपास जाते. लढाया दोन्हीकडे जवळपास सारख्याच आहेत. गेलं आहे ते एक अख्खं पात्र. नायिका सिबिलाला मुलगा आहे हे छोट्या आवृत्तीत कळतच नाही. त्यामुळे उत्तरार्धात ती खचते, केस कापते, तेव्हा ते सगळं कारणाशिवाय घडल्यासारखं वाटतं आणि दोष मात्र अभिनयाच्या माथी येतो. सुरुवातीला नायक बेलियनच्या हातून मारला जाणारा धर्मगुरू त्याचा कोण लागतो, हेही लांब आवृत्तीतच कळतं. वेळ कमी असेल म्हणून १४४ मिनिटांची आवृत्ती पाहू नका. १९४ मिनिटांच्या रोडशो आवृत्तीत मध्यंतर आहे, तिथे थांबून उरलेला भाग दुसऱ्या दिवशी पाहिला तरी काही बिघडत नाही.

स्कॉटच्याच 'ब्लेड रनर'च्या बाबतीत लांबी गौण आहे. १९८२च्या आवृत्तीत नायकाचं निवेदन आणि गोड शेवट, दोन्ही चाचणी-प्रयोगांनंतर जोडलेले. शेवटची ती डोंगरदऱ्यांची हवाई दृश्यं तर स्टॅनली कुब्रिकच्या 'द शायनिंग'साठी चित्रित झालेल्या, पण न वापरलेल्या फिल्ममधली आहेत. १९९२च्या आवृत्तीत निवेदन आणि तो शेवट गेला, युनिकॉर्नचं स्वप्न आलं. पण ती घाईत तयार झाली होती. स्कॉटचा पूर्ण ताबा होता तो २००७च्या फायनल कटवर. उडत्या गाडीच्या दिसणाऱ्या तारा, पाठलागात ओळखू येणारी स्टंट करणारी बाई, असे जुने दोषही त्यात दुरुस्त झाले. पहिल्यांदाच पाहत असाल तर २००७चीच घ्या. १९८२ची नंतर, आणि तीही निवेदनानं सिनेमाचा सूर किती बदलतो हे समजून घ्यायला.

आता उलट बाजू, आणि इथेच लोक जास्त फसतात. ज्युझेप्पे तोर्नातोरेचा 'सिनेमा पारादिसो' १९८८ साली इटलीत १५५ मिनिटांचा प्रदर्शित झाला आणि चालला नाही. मग तो १२४ मिनिटांचा झाला आणि याच रूपात जगभर पोहोचला, सर्वोत्तम परभाषिक चित्रपटाचं ऑस्करही मिळालं. २००२ साली १७३ मिनिटांची आवृत्ती आली. तिच्यात मोठेपणच्या नायकाच्या प्रेमकथेचा पुढचा भाग आहे आणि त्यातून प्रोजेक्टर चालवणाऱ्या आल्फ्रेदोबद्दल एक गोष्ट उघड होते. ती गोष्ट कळल्यावर मुलगा आणि हा म्हातारा यांच्या नात्याकडे तुम्ही पूर्वीसारखं पाहू शकत नाही. छोट्या आवृत्तीत ताटातूट नुसती घडते आणि मनात सलत राहते; मोठीत तिचा खुलासा मिळतो. माझं ठाम मत: आधी १२४ मिनिटांची. मोठी पाहाच, पण मध्ये काही महिने जाऊ द्या, नाहीतर शेवटच्या त्या दृश्याचं बळ जातं.

स्कॉटच्या 'एलियन'चा (१९७९) २००३चा कट तर मूळ ११७ मिनिटांपेक्षा मिनिटभर लहानच आहे, आणि स्कॉटची स्वतःची पसंती मूळ आवृत्तीलाच आहे. वाढवलेलं एलियनच्या घरट्याचं दृश्य नेमकं शेवटच्या धावपळीत येतं आणि तिचा वेग मोडतं.

'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'चं उत्तर कोण पाहतंय यावर ठरतं. थिएटरमधले तिन्ही भाग मिळून ५५८ मिनिटं. विस्तारित संच ७२६ मिनिटांचा दिसतो, पण त्यातली ४० पेक्षा जास्त मिनिटं शेवटच्या नामावळीत चाहत्यांच्या नावांनी व्यापलेली आहेत. म्हणजे प्रत्यक्ष वाढ दोन तासांच्या थोडी पुढे. दिग्दर्शक पीटर जॅक्सन थिएटर आवृत्तीलाच मुख्य मानतो, आणि नवख्यानं तीच पाहावी. पुस्तक वाचलेल्यांनी मात्र थेट विस्तारित घ्यावी. तिसऱ्या भागात खलनायक जादूगार सारुमानचं काय होतं ते फक्त तिथेच आहे. वाढीव दृश्यांसाठी हॉवर्ड शोअरनं नव्यानं संगीत केलं, म्हणून जोड कुठे खटकत नाही.

सगळीकडे असं होत नाही. 'वन्स अपॉन अ टाइम इन अमेरिका'च्या २०१२च्या २५१ मिनिटांच्या आवृत्तीत जोडलेला भाग फिकट रंगावरून लगेच ओळखू येतो, आणि प्रत्येक वेळी तंद्री भंगते. पहिल्यांदा पाहायला २२९ मिनिटांचीच बरी. १३९ मिनिटांची अमेरिकी आवृत्ती टाळाच. तिच्यात मागेपुढे जाणारी कथा सरळ कालक्रमानं लावून टाकली आहे, त्यामुळे आठवणींवर उभा असलेला सिनेमाच उरत नाही.

आपल्यापुढे नेमकी कोणती आवृत्ती आहे, हे पुष्कळदा नावावरून कळत नाही. सुरू करण्याआधी कालावधी पाहा. त्यातही एक गफलत होते: युरोपातल्या जुन्या पाल (तिथली टीव्ही पद्धत) डीव्हीडीवर सेकंदाला २४ चौकटींचा, म्हणजे फ्रेम्सचा, सिनेमा २५ नं चालतो, म्हणून तो सुमारे ४ टक्के लवकर संपतो. १२४ मिनिटांचा सिनेमा ११९ मिनिटांचा दिसला, तर काही कापलंय असं समजू नका.

सबटायटलची फाईल वेगळी घेतली असेल तर तिच्यावरूनही कळतं. ओळी नीट चालता चालता एका दृश्यानंतर एकदम काही सेकंद किंवा मिनिटं सरकल्या, तर फाईल दुसऱ्या कटची आहे. ती मागेपुढे करून उपयोग नाही, पुढच्या वाढीव दृश्याला पुन्हा बिघडेल. त्या कटची फाईलच शोधावी लागते. पण फरक हळूहळू वाढत तासाभरात अडीच मिनिटांच्या जवळ गेला, तर कट तोच आहे, वेग वेगळा आहे. सबटायटल एडिटरमध्ये फ्रेम रेट २४ वरून २५ किंवा उलट केला की ओळी शेवटपर्यंत जुळतात.