गोव्याचा कार्निव्हल: केवळ मिरवणूक पाहून परतू नये

गोव्याच्या कार्निव्हलला जाणारे बहुतेक पर्यटक शनिवारची पणजीतील मिरवणूक पाहतात आणि रविवारी परतीची वाट धरतात. मिरवणूक पाहण्यासारखी असतेच, पण या उत्सवाचे मर्म तिच्या पलीकडे आहे असे माझे स्पष्ट मत आहे.

ख्रिस्ती धर्मीयांचा उपवासकाळ राखेच्या बुधवारी सुरू होतो आणि त्याआधीचे शनिवार ते मंगळवार हे चार दिवस कार्निव्हलचे असतात. ईस्टरच्या तारखेप्रमाणे ते कधी फेब्रुवारीत, तर कधी मार्चच्या आरंभी येतात, त्यामुळे तारखा पाहूनच आरक्षण करावे. ‘खा, पिये आनी मजा कर’ असे फर्मान काढणारा राजा मोमो पहिल्या दिवशी पणजीत अवतरतो आणि पुढे मडगाव, वास्को व म्हापसा येथेही मिरवणुका निघतात. पोर्तुगीज काळात लोक एकमेकांवर पीठ, अंडी आणि रंगीत पाणी उडवून हा सण साजरा करीत. चित्ररथांची मिरवणूक मात्र गोवामुक्तीनंतरची, १९६५ पासूनची आहे.

या मिरवणुकीत सगळेच चित्ररथ सारख्या मोलाचे नसतात. प्रायोजकांच्या जाहिरातींनी मढवलेले रथ पुढून जातात तेव्हा मोठ्या आवाजातील गाण्यांखेरीज त्यांत काही हाती लागत नाही, आणि अशा रथांची संख्या कमी व्हावी असे मनापासून वाटते. याउलट गावकऱ्यांनी किंवा एखाद्या वाड्यावरील मंडळींनी स्वतः उभा केलेला रथ आला की गर्दीचा नूरच पालटतो. माडावर चढलेला, कमरेला कोयता अडकवलेला, माडी काढणारा रेंदेर, जाळे विणत बसलेले मच्छीमार, सायकलच्या मागे पावांची टोपली बांधून भोंगा वाजवीत जाणारा पोदेर अशी दृश्ये त्यावर असतात. पोदेराच्या भोंग्याचा तो ओळखीचा आवाज ऐकताच रस्त्याकडेच्या आज्या हसून हात उंचावतात, कारण रथावरचे हे आयुष्य त्यांनी स्वतः पाहिलेले असते. हे रथ नीट पाहायचे असतील तर आसनांपेक्षा पदपथावरची जागा अधिक चांगली. तेथे नर्तकांची तुकडी हातभर अंतरावरून जाते आणि बँडच्या तालावर पाहणाऱ्यांचेही पाय थिरकू लागतात. मार्ग काही वर्षी बदलतो आणि दुपारपासूनच वाहतूक वळवली जाते, म्हणून वाहन दूर ठेवून चालत जाणे सोयीचे. रात्री चर्चजवळच्या उद्यानात भरणाऱ्या सांबा स्क्वेअरमध्ये संगीत आणि खाणे दोन्ही उत्तम असते.

खरा आनंद मात्र साष्टी तालुक्यातील गावांत आहे. तेथे कार्निव्हलच्या दिवसांत कलाकारांचे जथे अंगणात किंवा चव्हाट्यावर खेळ सादर करीत आले आहेत. ट्रम्पेट आणि ढोलाच्या साथीने गाणी होतात, पूर्वी स्त्रियांच्या भूमिकाही पुरुषच करीत, आणि गावातील भाटकारापासून (जमीनदारापासून) राजकारण्यापर्यंत कोणालाही टोमण्यांतून सूट नसते. आता यातील बराचसा भाग ‘खेळ तियात्र’ या कोंकणी नाट्यप्रकाराच्या रूपाने रंगमंचावर गेला असला, तरी उघड्यावरचा प्रयोग मिळाल्यास तो चुकवू नये. कोंकणी पूर्ण समजली नाही तरी मराठी माणसाला त्यातील चिमटे सहज कळतात. चांदर गावचा, मुसळे घेऊन नाचण्याचा मुसळ खेळ आणि दिवाडी बेटावरील, मुखवटे व घंटा घालून हिंडणारे पोटेकार हेही याच दिवसांतले. लहान मुले पोटेकारांना घाबरतात, तेव्हा त्यांना आधी कल्पना देऊन ठेवावी.

एवढे सगळे पाहायचे तर किमान तीन रात्रींचा मुक्काम हवा, आणि माझी शिफारस तीच आहे. जमल्यास मंगळवारी पुन्हा पणजीत यावे: समारोपाला क्लब नासियोनालचे प्रसिद्ध लाल-काळे नृत्य असते आणि त्यासाठी त्याच दोन रंगांचे कपडे लागतात, तेव्हा ते सामानात आधीच भरून घ्यावेत.