पाचशेसत्तर पासवर्ड आणि एक फाईल: कीपासएक्ससी नऊ महिने वापरल्यानंतर

इचलकरंजीत माझं कर सल्लागाराचं छोटं ऑफिस आहे. मी, दोन सहकारी मुली, तीन कॉम्प्युटर आणि १३८ पार्ट्या. यंत्रमागवाले, सूत व्यापारी, किराणा दुकानदार, दोन-तीन डॉक्टर. प्रत्येकाचं इन्कम टॅक्सचं लॉगिन वेगळं, जीएसटीचं वेगळं, ई-वे बिलाचं वेगळं, टीडीएसचं वेगळं, शिवाय ज्या ई-मेलवर ओटीपी येतो त्याचाही पासवर्ड बऱ्याचदा आमच्याकडेच. हे सगळं बारा वर्षं एका एक्सेल फाईलमध्ये होतं.

त्या फाईलचा भरवसा एका वीस तारखेला संपला. वीस म्हणजे थ्रीबीची, जीएसटीच्या महिन्याच्या रिटर्नची, शेवटची तारीख. संध्याकाळचे साडेसात वाजलेले, अकरा पार्ट्यांचं रिटर्न बाकी आणि एका यंत्रमागवाल्यांचं लॉगिन होईना. एक्सेलमधला पासवर्ड टाकला, चुकला. पहिलं अक्षर कॅपिटल करून बघितलं, चुकला. आणखी एकदा टाकला आणि खातं लॉक झालं. त्यांना फोन केला तर म्हणाले, "मॅडम, पासवर्ड तुमच्याकडंच असतोय की. आम्ही कधी बघितलाय त्यो?" खरंच होतं. दोन महिन्यांपूर्वी माझ्या सहकारी मुलीनं तो बदलला होता, पण तिच्या कॉम्प्युटरवरच्या प्रतीत. माझ्या प्रतीत जुनाच राहिला. उशिराचे दिवसाला ५० रुपये आणि भरायच्या करावर वर्षाला १८ टक्क्यांनी होणारं व्याज मी माझ्या खिशातून भरलं. पैसे थोडेच होते. पण त्या रात्री मी त्या फाईलच्या प्रती शोधायला बसले आणि सात सापडल्या. एक व्हॉट्सॲपवर, दोन मेलमध्ये, एक तर नोकरी सोडून गेलेल्या मुलीला पाठवलेली. १३८ घरांच्या किल्ल्या आणि त्यांचे ठसे गावभर, असं ते होतं.

पासवर्ड मॅनेजर, म्हणजे सगळे पासवर्ड एका जागी कुलूपबंद ठेवणारं साधन, घ्यायचा हे तेव्हाच ठरलं. कुठला, यावर मात्र दोन आठवडे गेले. ऑनलाइन साठवणारे बरेच आहेत आणि वापरायला ते सोपेही आहेत. पण २०२२ मध्ये लास्टपास या अशाच एका ऑनलाइन मॅनेजरचं जे झालं ते मी नीट वाचलं. चोरांच्या हाती ग्राहकांच्या तिजोऱ्यांच्या प्रती लागल्या. पासवर्ड कूटबद्ध होते, पण कोणत्या संकेतस्थळांवर खाती आहेत ते पत्ते उघडेच होते. माझ्या धंद्यात कोणाची खाती कुठे आहेत हीसुद्धा पार्टीची खासगी बाब आहे. म्हणून फाईल आपल्याच कॉम्प्युटरवर राहील, कोणाच्या सर्व्हरवर जाणार नाही, असं साधन हवं होतं. कीपासएक्ससी तसं आहे. फुकट आहे, मुक्त स्रोत आहे, विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हींवर चालतं. सगळे पासवर्ड एका केडीबीएक्स फाईलमध्ये राहतात आणि ती फाईल एका मुख्य पासवर्डनं उघडते. त्यामागे अर्गॉन२ नावाची पद्धत आहे. प्रत्येक अंदाज तपासायला मुद्दाम वेळ आणि मेमरी खर्च करायला लावणारी. फाईल चोरीला गेलीच तरी भराभर पासवर्ड लावून बघता येत नाहीत.

डाउनलोड करताना एक काळजी घ्या, कारण इथे लोक फसलेत. २०२३ मध्ये कीपास या याच घराण्यातल्या जुन्या साधनाच्या नावाची एक खोटी जाहिरात गुगलवर दिसत होती. पत्ता हुबेहूब मूळचा, फक्त इंग्रजी 'के' अक्षराखाली एक बारीकशी खूण. स्क्रीनवरची धूळ वाटावी एवढीच. पासवर्ड सांभाळायचं साधन म्हणून माणूस व्हायरस उतरवून घ्यायचा. त्यामुळे शोधातल्या जाहिरातीवर क्लिक न करता प्रकल्पाच्या मूळ संकेतस्थळाचा पत्ता स्वतः टाइप करा.

मुख्य पासवर्ड ठरवण्यात आमचा एक अख्खा रविवार गेला आणि तो सगळ्यात चांगला गेला. माणसानं मनानं निवडलेले शब्द ओळखीचेच निघतात, म्हणून फासे टाकून शब्द निवडायची जुनी रीत आहे. कीपासएक्ससीत त्यासाठी ७,७७६ इंग्रजी शब्दांची यादी आयती मिळते. पण ते शब्द माझ्या लक्षात राहीनात. मग मी आणि माझ्या दोन सहकारी मुलींनी मराठी यादी करायला घेतली. पहिली अडचण स्पेलिंगची. टाइप करायचं रोमन अक्षरांत, आणि 'वांगं' कोण व्हीनं लिहितं, कोण डब्ल्यूनं. 'फणस'चंही तेच, कोणी एफ घेतं, कोणी पीएच. 'कमळ'मधला ळ तर रोमनमध्ये नाहीच. शेवटी धाकटीनं तोडगा काढला: पहिलीच्या पुस्तकातले बिनकान्यामात्र्याचे शब्द घ्यायचे. बदक, मगर, दगड, गजर, सरबत, पदर, परकर, नगर. व, श, ळ, फ असलेले गाळायचे. असे २१६ शब्द जमवले, कारण लुडोचा फासा तीनदा टाकला की २१६ निकाल संभवतात. आठ शब्द पाडले. पडतील त्याच क्रमानं ठेवले, एकही बदलला नाही. आठ शब्दांच्या ४७ वर १७ शून्यं इतक्या जुळण्या होतात. वरचे नमुन्याचे शब्द अर्थातच आमच्या पासवर्डातले नाहीत. तिसऱ्या दिवशी बोटांना पाठ झाला. लिहिलेला एकच कागद बंद पाकिटात लॉकरमध्ये आहे, आणि मला काही झालं तर तो कोणी उघडायचा हे घरी सांगून ठेवलंय. हे पाकीट करायला विसरू नका. मुख्य पासवर्ड हरवला तर 'फरगॉट पासवर्ड'चं बटण इथे नाही. फाईल कायमची बंद.

एक्सेलमधून सीएसव्ही, म्हणजे साधी मजकुराची फाईल, करून सगळं आत घेता येतं. पंधरा मिनिटांचं काम. नोंदी साफ करायला मात्र तीन रविवार लागले. एकूण ५७० नोंदी झाल्या. मग त्यातलाच 'हेल्थ चेक' अहवाल काढला आणि मी बराच वेळ पडद्याकडे नुसती बघत राहिले. ३०० च्या वर पासवर्ड दुर्बळ किंवा पुन्हा पुन्हा वापरलेले. पार्टीचं नाव, ॲट, एक दोन तीन. हे सगळे आम्हीच ठेवलेले. पार्ट्यांचा यात काहीच दोष नव्हता.

दुसरा अहवाल फुटलेल्या, म्हणजे कुठून तरी चोरीला जाऊन बाहेर आलेल्या, पासवर्डांचा आहे. ट्रॉय हंट यांनी २०१३ मध्ये सुरू केलेल्या 'हॅव आय बीन पोन्ड' या संग्रहाशी तो ताडून बघतो. मला आधी भीती वाटली, की पार्ट्यांचे पासवर्ड बाहेर पाठवायचे का? तसं होत नाही. पासवर्डाचा गणिती ठसा काढून त्याची फक्त पहिली पाच अक्षरं पाठवली जातात. त्या पाच अक्षरांनी सुरू होणारे शेकडो ठसे परत येतात आणि जुळवणी आपल्याच कॉम्प्युटरवर होते. हे समजल्यावरच मी ते बटण दाबलं. ४१ पासवर्ड आधीच फुटलेल्यांच्या यादीत निघाले. त्या आठवड्यात दुसरं काही केलं नाही, फक्त पासवर्ड बदलले.

आता रोजच्या वापराचं. सगळ्यात जास्त उपयोगी पडलं ते 'हिस्टरी'. नोंद बदलली तरी आधीचे पासवर्ड तिच्या मागे तारखेसह राहतात. त्या वीस तारखेचा घोळ आता दहा सेकंदांत सुटला असता. नोंदीला मुदतही घालता येते, त्यामुळे कुठला पासवर्ड कधी बदलायला येतोय ते आधी कळतं. कॉपी केलेला पासवर्ड दहा सेकंदांत क्लिपबोर्डवरून पुसला जातो. सुरुवातीला मुली वैतागल्या, आता सवय झाली.

ब्राउझरची जोडणी, म्हणजे लॉगिनच्या पानावर पासवर्ड आपोआप भरून देणारी सोय, मी आधी नको म्हणत होते. सहाव्या महिन्यात माझं मत बदललं. ऑफिसच्या मेलवर रिफंडचा मेल आला. पार्टीचं नाव बरोबर, बोधचिन्ह बरोबर, 'खात्री करण्यासाठी लॉगिन करा'. माझ्या सहकारी मुलीनं लिंक उघडली. पान अगदी आयकर पोर्टलसारखं. पण नेहमी पासवर्डाच्या रकान्यात खातं सुचवलं जातं, ते सुचवलंच गेलं नाही. ती म्हणाली, "मॅडम, हे का भरत नाही?" मी उठून बघितलं तर पत्त्यात शेवटी भलतंच काही. साधन फक्त पत्ता जुळतो का बघतं. पान कसं दिसतं याच्याशी त्याला देणंघेणं नाही. आपले डोळे जिथे फसतात तिथे ते फसलं नाही. अर्थात तिनं हातानं कॉपी करून टाकला असता तर त्यानं अडवलं नसतं. म्हणून ऑफिसमध्ये नियमच केलाय: आपोआप भरलं नाही तर हात लावायचा नाही, आधी मला हाक मारायची.

काही पोर्टलवर पासवर्डाच्या रकान्यात पेस्टच होत नाही. याचा मला मनापासून राग आहे. अमेरिकेच्या एनआयएसटी या मानकं ठरवणाऱ्या सरकारी संस्थेनं २०१७ मध्येच लिहून ठेवलंय, की पेस्ट करू द्यावं, म्हणजे लोक पासवर्ड मॅनेजर वापरतील. पेस्ट बंद केलं की माणूस टाइप करायला सोपा, म्हणजेच ओळखायला सोपा पासवर्ड ठेवतो. अशा ठिकाणी कीपासएक्ससीचं 'ऑटो-टाइप' चालतं, ते एकेक अक्षर कीबोर्डासारखं टाकतं. स्क्रीनवरचा आभासी कीबोर्ड सक्तीचा असेल तर तेही निरुपयोगी, तिथे हातानंच.

उणिवा आहेत आणि त्या माहीत असाव्यात. फाईल एका कॉम्प्युटरवरून दुसरीकडे आपोआप जात नाही. आम्ही ती ऑफिसच्या सामायिक फोल्डरमध्ये ठेवलीय. एकानं बदल केला की दुसरीकडे उघडलेली फाईल तो ओळखते, त्यामुळे तिघींचं जमतं. एकदा मी पेनड्राइव्हवर घरी नेली, घरी चार नोंदी बदलल्या आणि त्याच वेळी ऑफिसमध्ये मुलींनी तीन. दोन वेगळ्या फाईली झाल्या. 'मर्ज' केल्यावर सातही बदल एकत्र आले, पण तोवर माझा जीव थाऱ्यावर नव्हता. मोबाईलवर कीपासएक्ससी नाही. तीच फाईल उघडणारी वेगळी ॲप घ्यावी लागतात, अँड्रॉइडवर कीपासडीएक्स आहे. मी फोनवर ठेवतच नाही. फोन बसमध्ये विसरतो, ऑफिसचा कॉम्प्युटर विसरत नाही.

बॅकअप तुमचा तुम्हालाच घ्यायचा आहे. दर शनिवारी दोन पेनड्राइव्हवर प्रत, आणि महिन्यातून एकदा ती प्रत दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून बघायची. न उघडून बघितलेल्या बॅकअपवर मी विसंबत नाही.

ओटीपीचा प्रश्न यानं सुटत नाही. १ एप्रिल २०२५ पासून ई-वे बिलाला सगळ्यांनाच दुहेरी पडताळणी आली आणि ओटीपी पार्टीच्या फोनवर जातो. पार्टी बाजारात, फोन पोराच्या हातात, आणि आम्ही इथे थांबलेलो. पण आता मला ते थांबणं योग्य वाटतं. दाराला दुसरी कडी आहे आणि ती मालकाच्या हातात आहे.

नऊ महिन्यांत सगळ्यात मोठा फरक इथेच पडला. एक्सेलमध्ये ५७० नोंदी नुसत्या ओळी होत्या. प्रत्येक नोंद स्वतंत्र उघडून, बदलून, मुदत घालून ठेवताना दर वेळी मनात यायला लागलं की हा पासवर्ड माझ्याकडे कशाला? जीएसटी पोर्टलवर पार्टी तिच्या लॉगिनमधून जीएसटी प्रॅक्टिशनरला जोडून घेऊ शकते. जोडलं की रिटर्न तयार करायला तिचा पासवर्ड लागत नाही. मंजुरी तिची तीच देते. सोय कधीपासून आहे, आम्हीच वापरत नव्हतो. पासवर्ड मागून घेणं सोपं होतं. आतापर्यंत ३४ पार्ट्या तशा जोडल्या. ई-मेलचे पासवर्ड तर सगळेच परत केले. ५७० नोंदींच्या आता ४२६ झाल्या आहेत.

गेल्या महिन्यात एक किराणा दुकानदार काका आले. सत्तरीचे, बारा वर्षं माझ्याकडे. त्यांना म्हटलं, "काका, आजपासून पासवर्ड तुमचा तुम्हीच ठेवायचा." ते जरा बिचकले. मग माझ्या खुर्चीत बसले, चष्मा लावला आणि एकेक अक्षर शोधत टाइप करायला लागले. दोनदा चुकलं, तिसऱ्यांदा जमलं. मध्येच थांबून म्हणाले, "ताई, तिकडं बघा जरा." मी खिडकीकडे तोंड करून उभी राहिले. त्यांचं झाल्यावर फाईलमधून त्यांची नोंद काढून टाकली. ते तोवर शेजारी उभे राहून बघत होते.